प्लॉट नंबर

फेब्रुवारी संपत आला होता. रविवारी सकाळी बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर साठीपुढचे एक गृहस्थ उभे होते. डोक्याला मफलर, अंगात स्वेटर, हातात द्राक्षांची पेटी आणि काखेत प्लास्टिकची पिशवी. त्या वर्षी निफाडची थंडी लांबली होती. रात्री बागेत शेकोट्या पेटवून जागणाऱ्या माणसांच्या कपड्यांना येतो तो धुराचा वास त्यांच्या स्वेटरला होता. मी ओळखलं नाही. "तुम्हीच ना त्या वकीलताई? मुंबईच्या, पण इथल्याच?" मी हो म्हणाले. चपला त्यांनी जिन्याखालीच काढून ठेवल्या होत्या. आत आले, पेटी टेबलावर ठेवली, पाणी प्यायले, मुलं काय करतात ते विचारलं. मग पिशवीतून चार घड्या घातलेला एक कागद काढून माझ्यासमोर सरकवला. निर्यातीसाठी बागेची कृषी खात्याकडे नोंदणी केली की जो क्रमांक मिळतो, तो त्यावर होता. मागे वजनाची एक चिठ्ठी टाचलेली. "एवढंच विचारायचंय ताई. ते सिंगापूरला जे झालं, त्या निकालात माझं नाव व्हतं का?"

नाव नव्हतं. पण तो नंबर मला पाठ होता.

मी त्यांना म्हटलं, काका, त्या प्रकरणाबद्दल मला एक शब्दही बोलता येणार नाही. ते रागावले नाहीत. "बरं," म्हणाले आणि कागदाची पुन्हा घडी घातली, आधीच्याच वळणांवर, सावकाश. ती घडी मला पुढे कितीतरी दिवस दिसत राहिली. ते भांडले असते तर मला सोपं गेलं असतं. भांडणाऱ्या माणसासमोर कसं बसायचं, हे या व्यवसायातल्या जवळपास तीस वर्षांत मी शिकले आहे. निमूट घडी घालणाऱ्या माणसासमोर कसं बसायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. इथे लिहितानाही मी देश, बंदर, साल आणि आणखी काही गोष्टी बदलल्या आहेत. त्या नंबरापुढच्या रकान्यात काय लिहिलं होतं, ते वाचकांनाही सांगणार नाही. एवढंच सांगते, की त्या लवादात, म्हणजे कोर्टाऐवजी पंचांपुढे चाललेल्या वादात, मी निर्यातदाराची वकील होते, आणि काकांनी आपली द्राक्षं त्याच निर्यातदाराला दिली होती. माल तिकडे गेल्यावर गडबड झाली. काकांना पैशाचा पहिला हप्ता मिळाला, पुढचा मिळाला नाही. "तुमचा माल तिकडं फेल गेला" असं त्यांना कुणीतरी फोनवर सांगितलं होतं. कागद कुणी दाखवला नाही.

नाशिककरांना द्राक्षं काय सांगायची! पण कागदावर द्राक्षं कशी दिसतात, ते थोडं सांगते, कारण माझं निम्मं आयुष्य तेच वाचण्यात गेलं. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून कागद सुरू होतात. कुठल्या तारखेला कुठली फवारणी, किती प्रमाण, काढणी कधी. मग फवारलेल्या औषधांचा किती अंश मालात उरला, त्याचा प्रयोगशाळेचा अहवाल. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपले कंटेनर अडकले, तेव्हा हा कागद किती महाग पडू शकतो ते सगळ्या जिल्ह्याला कळलं. मग पॅकहाऊसची नोंद, प्रीकूलिंगची नोंद, मण्याचा आकार, साखर, कुठला खोका कुठल्या प्लॉटमधून आला त्याची नोंद. रॉटरडॅमच्या गोदामात एखादी पेटी उघडली, तर ती निफाड तालुक्यातल्या कुठल्या बांधावरून निघाली ते सांगता आलं पाहिजे, अशी ती व्यवस्था आहे, आणि ती खरोखर चालते. मग रिफर, म्हणजे आतून थंड ठेवलेला कंटेनर, न्हावाशेवा बंदर, आणि कंटेनरमध्ये ठेवलेला तो छोटा यंत्रतुकडा, जो समुद्रावरच्या तीन-चार आठवड्यांत तापमान किती होतं ते टिपत राहतो. २०२३ अखेरीपासून तांबड्या समुद्रातली वाट धोक्याची झाली आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा त्या आलेखाची रेघ आणखी लांबली. शेवटी सर्व्हेअरचा अहवाल आणि फोटो: सुकून तपकिरी पडलेले देठ, गळालेले मणी, पेटीच्या कोपऱ्यात कुजलेला एखादा घड. तो फोटो बघितला की पोटात कालवतं. माझ्या मामांची बाग होती पिंपळगावकडे. विरळणीला जाऊन हात काळे करून घेतलेली माणूस आहे मी.

भांडण होतं ते त्या फोटोवरून. खरेदीदार म्हणतो, माल निघतानाच कमजोर होता. निर्यातदार म्हणतो, चांगला होता, तुम्ही वेळेत उतरवून घेतला नाही. जहाज कंपनी म्हणते, आमचं तापमान बरोबर आहे. बरेचदा भावच पक्का ठरलेला नसतो. किमान हमी ठरलेली असते आणि बाकीचा हिशेब माल तिकडे विकला गेल्यावर. म्हणजे माल कसा होता यावरच सगळे पैसे अडकलेले. आणि करार उघडला की शेवटच्या पानावर दोन ओळी असतात: वाद झाल्यास लवाद, ठिकाण लंडन. किंवा सिंगापूर. आमच्या व्यवसायात त्याला मध्यरात्रीचं कलम म्हणतात. भाव, वजन, तारखा यांवर दिवसभर घासाघीस होते आणि सगळे थकले की कुणीतरी जुन्या करारातून ते कलम उचलून चिकटवतं. नाशिकचे कितीतरी व्यापारी माझ्याकडे आले ते ते कलम पहिल्यांदा वाचूनच. मी त्यांना सांगते, ठिकाण म्हणजे सुनावणी कुठल्या हॉलात होणार ते नव्हे. त्या पंचांचा कान धरण्याचा अधिकार कुठल्या देशाच्या कोर्टाला, ते त्या एका शब्दानं ठरतं. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं बाल्को प्रकरणात हे स्पष्ट केलं, की परदेशात बसलेल्या लवादात आपली कोर्टं हात घालणार नाहीत. निवाडा वसूल करायचा झाला तर मात्र तो इथे येतो. १९५८ च्या न्यूयॉर्क करारात आज १७० हून जास्त देश आहेत, म्हणून सिंगापुरात तिघांनी सही केलेला कागद मुंबई उच्च न्यायालयात आणता येतो आणि पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजपर्यंत पोचवता येतो. कोर्टानं तो पुन्हा तपासायचा नसतो. नाकारण्याची कारणं मोजकी आहेत.

हे काम मला मनापासून आवडतं. ज्या वर्षी मला सनद मिळाली, त्याच वर्षी, १९९६ साली, नवा लवाद कायदा आला. माझ्या बरोबरीनं तो वाढला असं मला वाटतं. सुरुवातीची वर्षं पहाटे उठून पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला जायचं आणि रात्री परत यायचं. पासधारकांच्या डब्यात इगतपुरी येईपर्यंत एक फाइल वाचून व्हायची. पुढे मुंबईत खोली घेतली, पुढे घर. सिंगापूरला पहिल्यांदा सुनावणीला गेले तेव्हा त्या खोलीतल्या शांततेनं मी दबून गेले होते. पुकारा नाही, गर्दी नाही, पुढची तारीख नाही. दोन्ही बाजूंना ठरावीक तास वाटून दिलेले, बुद्धिबळातल्या घड्याळासारखे. तुम्ही बोलता त्याच क्षणी तुमचे शब्द समोरच्या पडद्यावर टाइप होऊन सरकत असतात. आणि पंचांनी प्रत्येक पान वाचलेलं असतं. हे शेवटचं मला सगळ्यात मोठं वाटलं. नाशिकच्या कोर्टात दाव्याच्या निकालाआधी वादी आणि प्रतिवादी दोघंही गेलेले आणि नातू वारस म्हणून उभे, असं मी लहानपणापासून पाहिलेलं. कुणीतरी आपलं सगळं वाचून येतं आणि ठरलेल्या महिन्यात निकाल देतं, ही माणसाला दिलेली फार मोठी इज्जत आहे, असं मी आजही मानते.

अशाच एका दुसऱ्या सुनावणीत दिंडोरीकडचे एक बागाईतदार साक्षीला होते. उलटतपासणीत त्यांना विचारलं, अमुक तारखेला घडांची अवस्था काय होती? ते म्हणाले, "तेव्हा नुकतं पाणी उतरत होतं." दुभाष्यानं त्याचं भाषांतर केलं ते द्राक्षात पाणी शिरलं असं. समोरच्या वकिलांनी लगेच पेन उचललं. मी उभी राहिले आणि पंचांना विनंती करून समजावलं, की आमच्याकडे मणी कडक असतो तो मऊ पडून त्यात गोडी भरू लागते, त्याला पाणी उतरणं म्हणतात. ही चांगली खूण आहे, बागाईतदार तिची वाट बघत असतो. अध्यक्ष पंचांनी तो शब्द रोमन लिपीत लिहून घेतला, मला दोनदा उच्चार विचारला. त्या दिवशी मला वाटलं, मी इथे असण्याला अर्थ आहे. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर ते पाणी शिरलेलंच राहिलं असतं. पण तेव्हा हेही लक्षात आलं नव्हतं, की तो साक्षीदार तिथे होता म्हणून त्याचा शब्द वाचला. बहुतेक प्रकरणांत तो नसतोच. असतो फक्त नंबर.

माझे वडील नाशिकच्या जिल्हा कोर्टात एका दिवाणी वकिलांचे कारकून होते. सीबीएसजवळच्या त्या आवारात, टायपिस्टांच्या रांगेमागे, माझ्या कितीतरी मे महिन्यांच्या दुपारी गेल्या. खळीचा वास, कार्बन पेपरचा वास, दाभणानं फाइल शिवताना होणारा तो करकर आवाज. वडिलांच्या उजव्या हाताची बोटं कायम निळी. त्यांच्याकडे एक लांबट वही असायची, मुदतीची. कुठल्या अशिलाची मुदत कधी संपते, ते तीत लाल शाईनं लिहिलेलं. उधारीवर दिलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा लावायचा तर तीन वर्षं, हे मला कायदा शिकण्याआधी त्या वहीनं शिकवलं. मुदत गेली की देणं खरं असूनही कोर्ट दार लावून घेतं. "माणूस खोटं बोलला तर वकील काहीतरी करतो," वडील म्हणायचे, "तारीख गेली तर देवालाही काही करता येत नाही." घरी आले की ते आधी पाय धुवायचे, आणि कोर्टातलं काहीही उंबऱ्याच्या आत आणायचे नाहीत. कुणाचा दावा, कुणाचं भांडण, कुणाची फारकत, काही नाही. आईला याचा फार राग यायचा.

तिवंध्याजवळच्या आमच्या वाड्यात समोरच्या दोन खोल्यांत एक किराणा दुकानदार राहायचे. एका रात्री जेवताना वडील आईला म्हणाले, "उद्या दुपारी समोर जेवण पाठव. चौघांचं." आईनं विचारलं, का, काय आहे उद्या? ते काही बोलले नाहीत, भात कालवत राहिले. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास बेलिफ आला. दरखास्तीतली, म्हणजे कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या वसुलीसाठीची जप्ती होती. कपाट, रेडिओ, सायकल, दुकानातली डब्यांची उतरंड, सगळं हातगाडीवर चढलं. समोरच्या काकू दारात खांबाला धरून उभ्या होत्या. आईनं डबा नेऊन दिला, त्यांच्या मुलांना आमच्याकडे आणून बसवलं. संध्याकाळी वडील आले तेव्हा ती त्यांच्यावर तुटून पडली. "तुम्हाला माहीत होतं. कालच सांगितलं असतं तर कपाट तरी रातोरात हलवलं असतं त्यांनी."

"म्हणूनच नाही सांगितलं," वडील म्हणाले.

ते वाक्य कितीतरी वर्षं मला निष्ठुर वाटायचं. पुढे मी स्वतः वकील झाले, लोक माझ्यासमोर दार लावून बसू लागले आणि ज्या गोष्टी बायकोला किंवा भावाला सांगत नाहीत त्या सांगू लागले, तेव्हा मला त्यातला अर्थ लागला. गुपित सोयीचं असतानाच पाळायचं असेल तर ते गुपितच नाही. पुरावा कायद्याचं कलम १२६ मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं: अशिलानं वकिलाला सांगितलेलं वकिलानं उघड करायचं नाही, काम संपल्यावरही नाही. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ झालं. आपल्या लवाद कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीनं गोपनीयतेचं कलम आलं. मी स्वतः अशिलांना लवादाचा फायदा म्हणून हेच सांगत आले. कोर्टात सगळं चव्हाट्यावर येतं, इथे चार भिंतींत राहतं. त्या चार भिंतींच्या बाहेर मफलर बांधलेला एक माणूस उभा असेल, हे माझ्या मनात कधी आलं नाही.

त्या रविवारनंतर किती रात्री मी कलम १३२ चे अपवाद उघडून बसले, ते मला आठवत नाही. बेकायदेशीर हेतूनं केलेलं बोलणं. काम हाती घेतल्यानंतर वकिलाच्या नजरेला आलेला गुन्हा किंवा कपट. दोन्ही तासून पाहिले. बसत नव्हते. पैसे थकवणं म्हणजे कपट नव्हे, थकबाकीच ती. फोनवर काकांना कोण काय बोललं ते मी ऐकलेलं नव्हतं. मला कळली ती एकच बाजू, तीही अर्धी. माझा जुना अशील वाईट माणूस आहे, असंही मी म्हणू शकत नाही. त्याच्याही गळ्याशी बँक होती. हे सगळं खरं होतं, आणि तरी झोप येत नव्हती.

पुण्यात एकदा जुन्या महजरांचं प्रदर्शन पाहिलं होतं. गावात तंटा झाला की गोतसभा बसायची, आणि निवाड्याचा जो कागद व्हायचा त्यावर हजर असलेल्यांची नावं यायची. पाटील, कुलकर्णी, चौगुला, सुतार, कुंभार. सही येत नसेल त्याची निशाणी, आणि कुणब्याची निशाणी नांगराची. त्या सभांत गरिबाला न्याय मिळायचाच असं मी म्हणत नाही. जातीची उतरंड त्या कागदावरही स्पष्ट दिसते. पण शाईत काढलेला तो वीतभर लांबीचाही नसलेला नांगर माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. कुणीतरी त्याच्या हातात लेखणी दिली होती. आमच्या निवाड्यावर तीन सह्या असतात आणि तो बांधतो फक्त करार करणाऱ्या दोघांना. ते बरोबरच आहे, नाहीतर व्यापार उभा राहणार नाही. तरी पाचव्या खंडाच्या परिशिष्टात, सतराव्या की अठराव्या पानावर, जिथे ते नंबर ओळीनं होते, तिथे प्रत्येकाशेजारी एक नांगर असता तर मी ते पान वेगळं वाचलं असतं का, असं मी स्वतःला विचारते.

त्या सकाळचं थोडं सांगायचं राहिलं. काका उठले. चहा नको म्हणाले, घाई होती. पेटी मी परत देऊ लागले तर हात जोडले. "नातीसाठी आणलीय असं समजा." मी जिन्यापर्यंत गेले. ते खाली वाकून चपला घालत होते, काखेत पिशवी, आणि मला एकदम ती टाचलेली वजनाची चिठ्ठी आठवली. समोर असताना मी नंबराकडेच पाहत बसले होते. चिठ्ठीवरची तारीख डोळ्यांनी टिपली होती, डोक्यात आत्ता पोचली. मार्चचा पहिला आठवडा. तीन वर्षांपूर्वीचा.

"काका, मी तुमची वकील होऊ शकत नाही," मी म्हणाले. "पण तुम्ही एखाद्या चांगल्या वकिलाला भेटा. इथल्या कोर्टात पुष्कळ आहेत. पिशवीतलं सगळं घेऊन जा, एकही चिठ्ठी मागे ठेवू नका."

"जाईन ना. एवढी काढणी उरकली की जातो. महिनाभरात मोकळा होईन."

"उद्या जा."

"उद्या माल काढायचाय ताई. मजूर सांगून ठेवलेत. व्यापाऱ्याची गाडी येणार."

"काढणी पुढे ढकला."

फेब्रुवारीत, माल तयार असताना, आभाळाचा भरवसा नसताना, बागाईतदाराला काढणी पुढे ढकला असं कुणी सांगत नाही. माझ्या मामांना मी सांगितलं असतं तर ते हसले असते. काका हसले नाहीत. एक चप्पल घातलेली, एक तशीच, ते वर माझ्याकडे बघत उभे राहिले. मी नजर हलवली नाही, आणि दुसरं काहीही बोलले नाही. त्यांनी काखेतली पिशवी काढून दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"उद्याच?"

"उद्याच."

ते खाली उतरले. मी गॅलरीत आले तेव्हा ते फाटकाबाहेर मोटारसायकलपाशी पोचले होते. पिशवी स्वेटरच्या आत खोवली, मफलर कानावरून मागे केला आणि फोन लावला. पलीकडचा आवाज मोठा असावा, वरपर्यंत काकांचं तेवढं ऐकू आलं, "नाही रे, उद्या नको. उद्या मजूर आणू नको."